जास्वंदीची कळी कोण खातं?

पत्र असं आहे:

"ताई, मी साताऱ्यात गोडोलीला राहते. शाळेतून निवृत्त होऊन सात वर्षं झाली. अंगणात आणि गच्चीवर मिळून चाळीसेक कुंड्या आहेत. जास्वंदी, गुलाब, मोगरा, शेवंती. आषाढापासून रोज सकाळी जास्वंदीच्या कळ्या कुरतडून खाली पडलेल्या दिसतात. गुलाबाच्याही अर्ध्यामुर्ध्या खाल्लेल्या. शेवंतीची नवी रोपं कुणीतरी उकरून टाकतं. शिवाय दहा-पंधरा दिवसांतून एकदा किल्ल्याकडून वानरांची टोळी येते आणि अर्ध्या तासात होत्याचं नव्हतं करून जाते. शेजारी म्हणतात, उंदराचं औषध ठेवा, नाहीतर चिकट पुठ्ठा लावा. त्यांच्याच पुठ्ठ्यावर परवा एक खार चिकटली. नातवानं ते पाहिलं आणि दोन दिवस तो धड जेवला नाही. नर्सरीवाल्यानं नायलॉनची जाळी दिली आहे, ती अजून पुडक्यातच आहे. मुलगा म्हणतो, पिंजरा लावून खारी पकडू आणि अजिंक्यताऱ्यावर सोडून येऊ. रोज उठून जास्वंदीजवळच्या कट्ट्यावर चिमण्यांना ज्वारी टाकायची आणि देवाला घरचं फूल वाहायचं, एवढा माझा नेम. मला फुलं हवीत, पण कुणाचा जीव जायला नको. गणपती महिन्यावर आलेत. काय करू?"

बाई (तुम्ही शाळेत होतात, म्हणून बाईच म्हणते), आधी ते नायलॉनच्या जाळीचं पुडकं आहे तसं परत करून या. ही घाई का, ते सांगते. सांगलीत माझ्या गुलाबांवर मी अशीच जाळी बांधली होती. दोऱ्यासारखी बारीक, लांबून दिसतही नव्हती, त्यामुळे बाग छान दिसायची. तिसऱ्या दिवशी सकाळी पाणी घालायला गेले तर खालच्या कडेला धामण अडकलेली. सुटायला जितकी वळवळली तितका दोरा खवल्यांखाली रुतत गेला होता. सर्पमित्र आले, नखं कापायच्या छोट्या कात्रीनं एकेक फास कापत बसले. मी शेजारी बादलीतून तिच्या अंगावर पाण्याचे हबके मारत होते. अर्धा-पाऊण तास गेला. धामण जगली, पण तिच्या अंगावरचं ते रक्ताळलेलं कडं मला अजून दिसतं. अशा जाळीत बुलबुल अडकतात, खारींची पिल्लं अडकतात, सरडे अडकतात. आणि उंदीर खाऊन आपल्यावर उपकार करणारी धामणही अडकते.

आता तुमच्या कळ्यांकडे येऊ. तुमच्या घरात सगळा आळ खारीवर आलेला दिसतो, पण पत्रातल्या खुणा एकाच प्राण्याच्या वाटत नाहीत. एक काम करा. दोन दिवस सकाळी साडेसहाला चहाचा कप घेऊन खिडकीच्या आत बसा, दार उघडू नका. खार दिवसाचा प्राणी आहे. उजाडल्यावर तास-दीड तास आणि उन्हं कलल्यावर ती जास्त फिरते. रात्री ती घरट्यात असते. त्यामुळे रात्री शाबूत असलेली कळी सकाळी सहाला कुरतडलेली दिसली, तर ती खार नव्हे. तो उंदीर, घूस किंवा गोगलगाय.

खारीनं खाल्लेली कळी कशी दिसते, ते मी अगदी हातभरावरून पाहिलं आहे. मागचे पाय फांदीला अडकवून ती डोकं खाली करून लोंबकळली. कळी पुढच्या दोन्ही पंज्यांत धरली आणि आपण मक्याचं कणीस फिरवत खातो तशी फिरवत खाल्ली. खालची हिरवी वाटी सोलून टाकली, गुंडाळलेल्या लाल पाकळ्यांचा आतला कोवळा भाग खाल्ला, उरलेलं सोडून दिलं आणि लगेच दुसरी कळी धरली. म्हणून झाडाखाली हिरव्या सालींचा आणि लाल तुकड्यांचा सडा पडतो. नासाडी दिसते जास्त, पोटात जातं थोडं.

बुलबुल वेगळा. तो बहुधा उमललेल्या फुलावर बसतो आणि पाकळीच्या कडेचे लचके तोडतो, कळी सोलत नाही. शिंजीर हा इवलासा चकचकीत पक्षी फुलाच्या देठाजवळ भोक पाडून मध पितो. त्यानं फुलाचं काही बिघडत नाही, त्याला येऊ द्या. कळीला गोल भोक आणि आजूबाजूला काळी बारीक विष्ठा असेल तर ती अळी. पानांवर, कुंडीच्या कडेवर वाळलेला चंदेरी ओघळ दिसला तर गोगलगाय, आणि पावसाळ्यात ती मोठी आफ्रिकन गोगलगाय एका रात्रीत रोप बोडकं करते. गुलाबाच्या पानाला कुणी कंपासनं कापल्यासारखा अर्धगोल काप दिसला तर ती पान कापणारी माशी. ती तुकडे घरट्यासाठी नेते, झाड मरत नाही, तिला काही करू नका. आणि कळी न कुरतडलेली, पिवळी पडून देठासकट गळालेली असेल तर ते प्राण्याचं काम नाहीच. कुंडीत पाणी साचतं आहे किंवा पिठ्या ढेकूण लागला आहे. फांदीच्या बेचक्यात कापसासारखं पांढरं दिसतं का, बघा.

एवढं सांगायचं कारण म्हणजे, यांतला प्रत्येक उपाय निराळा आहे. गोगलगायीसाठी संध्याकाळी ओलं गोणपाट कुंड्यांजवळ टाकायचं आणि सकाळी त्याखाली जमलेल्या वेचायच्या, हातमोजे घालून. भारद्वाज या गोगलगायी खातो, म्हणून तुमच्या कुंपणाच्या झुडपात तो दिसत असेल तर ते झुडूप छाटू नका. खारीला मात्र गोणपाटाचं काय!

आता एक गोष्ट जरा स्पष्ट सांगते, वाईट वाटून घेऊ नका. खारींना तुम्हीच बोलावलं आहे. जास्वंदीजवळच्या कट्ट्यावर रोज ठरल्या वेळी ज्वारी, म्हणजे खारीच्या दृष्टीनं तो वाढलेला पाट. ती दाण्यासाठी येते, आणि पोट भरल्यावर हाताशी कोवळी कळी असते. चिमण्यांचा नेम मोडू नका, फक्त जागा बदला. घराच्या दुसऱ्या अंगाला, फुलझाडांपासून जितकं लांब जमेल तितकं, मूठभरच, चिमण्या अर्ध्या तासात संपवतील एवढंच. खाली सांडलेले दाणे झाडून घ्या, कारण रात्री त्यांवर उंदीर येतात, आणि मग लोक उंदराचं औषध आणतात. तिथेच मातीचं पसरट परळ पाण्यानं भरून ठेवा. पाण्यात एक दगड ठेवा, म्हणजे पिल्लू किंवा मधमाशी बुडणार नाही. पावसाळ्यात त्याची फारशी गरज नाही, पण फाल्गुनापासून ते ठेवायला विसरू नका. उन्हाळ्यात खारी कळ्यांवर तुटून पडतात त्याचं एक कारण तहान असतं. कळीत पाणी असतं.

जागा बदलल्यावर आठ-दहा दिवस खारी जुन्या जागी चक्कर मारत राहतील. तेवढ्यावरून उपाय फुकट गेला असं समजू नका.

मुख्य उपाय असा, की बाग राखायला जाऊ नका. चाळीस कुंड्या राखायच्या म्हटल्या की माणूस जाळ्या, विष, पिंजरे असा वाहवत जातो. राखायची ती कळी, आणि तीही रंग दिसायला लागल्यापासून उमलेपर्यंतचे दोन-चार दिवस. हिरव्या, घट्ट कळीत खारीला फारसा रस नसतो. कळीच्या टोकाला रंग फुटला की ती धोक्यात आली. हळदीकुंकवाला किंवा लग्नात वाण, सुकामेवा ज्या छोट्या, नाडी ओढायच्या नेटच्या पिशव्यांतून देतात, त्या तुमच्या कपाटात पंधरा-वीस तरी सापडतील. त्या टाकू नका, कळ्यांना घाला. पिशवी कळीवर चढवून नाडी देठाशी सैल बांधायची, तोंड खालच्या बाजूला ठेवायचं, म्हणजे पावसाचं पाणी निथळून जाईल. पिशवी कळीपेक्षा दुप्पट मोठी हवी, नाहीतर ओली होऊन चिकटते आणि कळी आतल्या आत सडते. सकाळी एकदा झटकून घ्या. खारीनं मनात आणलं तर ती पिशवी कुरतडू शकते, हे खरं. पण कळी दिसत नाही, पंज्यात नीट धरता येत नाही, म्हटल्यावर ती बहुधा पुढे जाते. माझ्याकडे दहातल्या आठ-नऊ कळ्या राहतात, आणि मला तेवढ्या पुरतात.

जास्वंदीला तर याहून सोपा उपाय आहे. उद्या उमलणारी कळी आदल्या संध्याकाळी ओळखू येते. ती लांब होते, पूर्ण रंग दाखवते, पण पीळ सुटलेला नसतो. ती देठासकट खुडा आणि ओल्या फडक्यात सैल गुंडाळून ताटलीत ठेवा. सकाळपर्यंत ती आपोआप उमलते, तिला झाडाची गरज लागत नाही. माझी आजी गणपतीच्या दहा दिवसांत हेच करायची, आणि ते खारीसाठी नाही, तर पहाटे फुलं चोरणाऱ्या पोरांसाठी. जास्वंदीचं फूल झाडावर ठेवलं तरी बहुधा एकाच दिवसाचं सोबती, त्यामुळे झाडाचंही काही नुकसान नाही. मोगऱ्याची टपोरी कळीही संध्याकाळीच काढतात, हे तुम्हाला सांगायला नको. गुलाबाचं मात्र असं जमत नाही, घट्ट कळी खुडली तर ती नीट उमलत नाही. गुलाबाला पिशवीच घाला.

कलमाची एखादी जास्वंद किंवा जीव की प्राण असलेला गुलाब असेल, तर त्या एका कुंडीला अर्धा इंची वेल्डमेशचा पिंजरा करून घ्या. हार्डवेअरच्या दुकानात ही ताठ तारेची जाळी फुटावर मिळते. झाडापेक्षा वीतभर उंच नळकांडं करायचं, वर त्याच जाळीचं झाकण तारेनं अडकवायचं, कापलेली टोकं आत वळवायची. इंच-दीड इंची कोंबड्यांची जाळी घेऊ नका, तिच्यातून खार सहज आत जाते आणि घाबरली की बाहेर पडायला चाचपडत बसते. ताठ जाळीत कुणी गुरफटत नाही, नायलॉनमध्ये आणि तिच्यात हा फरक आहे. पैसे घालायचे नसतील तर आठवडी बाजारात बुरुडाकडे विरळ विणीचं डालगं मिळतं. कोंबड्या डालतात तशी संध्याकाळी कुंडी डालायची, सकाळी उन्हं आल्यावर काढायची. शेवंतीच्या रोपांना मी हेच करते.

अख्ख्या अंगणावर जाळी ताणायचा विचार मुलानं काढलाच, तर त्याला कासच्या पठाराची गोष्ट सांगा. पठारावरची फुलं राखायला जाळीचं कुंपण घातलं होतं, पुढे ते काढावं लागलं. गुरांचं चरणं थांबलं, गवत माजलं आणि फुलं कमी झाली, असं आसपासच्या गावांतल्या लोकांचं म्हणणं होतं. अंगणाचं पठार होत नाही, पण मधमाश्या, फुलपाखरं, शिंजीर यांचा रस्ता बंद केलात तर मागे राहील त्या बागेत तुम्हालाच करमणार नाही.

मिरची-लसणाचं पाणी फवारा, असं तुम्हाला दहाजण सांगतील. त्यात तथ्य थोडं आहे. मिरचीचा तिखटपणा खारीला, उंदराला, वानराला लागतो, पक्ष्यांना लागत नाही. म्हणूनच तर पोपट मिरच्या खातो. तेव्हा बुलबुलासाठी त्याचा उपयोग शून्य. खारीवर दोन-तीन दिवस चालतं, पण साताऱ्याच्या पावसात एका सरीत धुऊन जातं. आणि फूल देवाला वाहायचं आहे, हात डोळ्यांना लागणार, घरात नातू आहे. मिरचीची पूड भुरभुरणं तर नकोच नको. ती खारीच्या पंज्यांना लागते, पंज्यांनी ती तोंड-डोळे पुसते आणि तासन्‌तास तळमळत राहते. फवारायचंच तर लिटरभर पाण्यात पाच मिली कडुनिंबाचं तेल, त्यात दोन थेंब भांडी धुवायचं लिक्विड. कडूपणामुळे कळ्यांना तोंड लावणं थोडं कमी होतं आणि पिठ्या ढेकणाचाही बंदोबस्त होतो. संध्याकाळी मधमाश्या गेल्यावर फवारा, पाऊस उघडल्यावर पुन्हा. चकचकीत सीडी टांगणं, प्लॅस्टिकचं घुबड बसवणं, यांचं कौतुक चार दिवसांचं असतं. माझ्या शेजारच्या घुबडाच्या डोक्यावर बसून खार शेंगदाणा खाताना मी पाहिली आहे.

मुलाला पिंजरा लावू देऊ नका. पकडलेली खार मादी असली तर मागे घरटं असतं. काथ्या, कापूस, चिंध्यांचा तो गोळा फांदीच्या बेचक्यात नाहीतर तुमच्याच पत्र्याच्या वळचणीला असेल, आणि आत डोळे न उघडलेली दोन-तीन पिल्लं. आईला किल्ल्यावर नेऊन सोडलं की ती पिल्लं भुकेनं मरतात, आपल्याला कळतही नाही. किल्ल्यावर तिच्या ओळखीची ना झाडं, ना पाणी, ना लपायची जागा, आणि तिथल्या खारींचे इलाके आधीच वाटलेले. इकडे तुमच्या अंगणात महिन्याभरात दुसरी खार येते, कारण दाणा तिथेच आहे. वन्यप्राणी पकडून दुसरीकडे सोडणं हे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे वनखात्याचं काम आहे, आपलं नाही. खारींनी कुंडीतला काथ्या उपसून नेला तर चिडू नका. जुन्या पायपुसण्याचा काथ्या सोडवून लांबच्या फांदीला बांधून ठेवा, तो आधी संपेल.

शेवंतीची उकरलेली रोपं बहुतेक खारीचं काम नाही. भुसभुशीत ओल्या मातीत किडे शोधणारे सातभाई, रात्रीची घूस किंवा शेजारचं मांजर, यांतलं कुणीतरी. रोपांभोवती बोराटीची फांदी आडवी टाका, नाहीतर मातीवर सुपारीएवढ्या खड्यांचा थर द्या. मग माती उकरता येत नाही. इतकं पुरतं.

वानरांना ही कुठलीच युक्ती लागू नाही. काळ्या तोंडाची वानरं मुख्यतः पानं, कळ्या, फुलं, फळं खाऊन जगतात, आणि अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी राहायचं तर ती येणारच. त्यांना गल्लीत कुणी केळी-बिस्किटं देत असेल तर ते थांबवणं हा सगळ्यात मोठा उपाय, आणि तो एका घरानं करून भागत नाही, गल्लीनं मिळून करावा लागतो. दगड मारू नका, फटाके लावू नका, पिल्लू असलेल्या मादीच्या आणि तिच्या पळायच्या वाटेच्या मध्ये उभ्या राहू नका. टोळी दिसली की कलमाच्या कुंड्या आत घ्या, दार लावा. साधारणपणे ती एका जागी फार वेळ थांबत नाही. एखादं वानर जखमी असेल किंवा माणसांच्या अंगावर येत असेल तर वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा, तो महाराष्ट्रभर चालतो.

दसऱ्यानंतर झाडं लावाल तेव्हा कुंपणाच्या कडेनं साध्या, पाच पाकळ्यांच्या लाल जास्वंदीच्या पाच-सहा फांद्या खोचा. ती बेसुमार फुलते, खारींनी निम्म्या कळ्या नेल्या तरी तुमची परडी भरते. घराजवळ पारिजातक लावा. तो रात्री उमलतो आणि पहाटे स्वतःच सडा घालतो, त्यासाठी खारीशी झगडावं लागत नाही. सदाफुलीला कुणी तोंड लावत नाही. कण्हेरीलाही नाही. पण दोन्ही विषारी आहेत, कण्हेर तर फारच, नातू लहान असेल तर नको.

आता ते उंदराचं औषध आणि तो चिकट पुठ्ठा. विष ठेवलं तर मेलेला उंदीर घुबड खातं, मांजर खातं, कुत्रं खातं. पुठ्ठ्यावर चिकटलेला जीव ओढाताणीत स्वतःची कातडी सोलून घेतो आणि दोन-दोन दिवस मरत नाही. प्राण्याला असं विनाकारण तडफडवणं १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानंही गुन्हा आहे. पुन्हा कधी कुणी चिकटलेलं दिसलं तर नातवाला हे शिकवून ठेवा: ओढायचं नाही. मोठ्या माणसाला बोलवायचं. त्यानं जाड हातमोजे घालून प्राण्याचं डोकं फडक्यानं झाकायचं, म्हणजे तो शांत राहतो. मग घरातलं गोडेतेल चिकटलेल्या जागी थेंबाथेंबानं सोडायचं, बोटानं चोळत राहायचं, एकेक पाय सुटू द्यायचा. तेल नाकातोंडात जाऊ द्यायचं नाही. मोकळा झालेला भाग पुन्हा चिकटू नये म्हणून पुठ्ठ्यावर लगेच माती किंवा कागदाचा तुकडा टाकायचा. सुटल्यावर पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवून पशुवैद्याकडे न्यायचं. शेजाऱ्यांशी मात्र भांडू नका. त्यांच्याकडे उंदीर असतील तर उंदरांचा साधा लाकडी पिंजरा त्यांना द्या, तो रात्री लावायचा आणि उजाडायच्या आत बंद करायचा. रात्री खार फिरत नाही, त्यामुळे ती त्यात सापडत नाही.

गणपतीला महिना आहे. ज्वारीची जागा आजच बदला. नेटच्या पिशव्या आठवडाभरात गोळा करा, पहिल्या आठ-दहा कळ्यांना घालून बघा, नाडी किती सैल ठेवायची ते हाताला कळेल. चतुर्थीच्या आदल्या संध्याकाळी, दिवे लागायच्या सुमारास, नातवाला घेऊन गच्चीवर जा आणि उद्याच्या कळ्या त्याला ओळखायला लावा. किती कळ्या मिळाल्या ते मला कळवा.